परीक्षेचा पेशंट

परवा माझी नात माझी जुनी फाइल चाळत बसली होती, तेव्हा तिच्या हाती एक प्रमाणपत्र लागलं. दंत आरोग्यक, दोन वर्षांचा अभ्यासक्रम, द्वितीय श्रेणी. तिनं डोळे मोठे केले. "आजी, तू डेंटल हायजिनिस्ट आहेस? मग नर्सिंगमध्ये कशाला गेलीस? हे किती सॉर्टेड होतं! नाइट शिफ्ट नाही, काही नाही." मी म्हटलं, "पुढे आवड लागली गं." जन्मभर मी हेच उत्तर देत आले आहे. ते खोटं नाही, पण अर्धं आहे. उरलेलं अर्धं मी नवऱ्यालासुद्धा कधी सांगितलं नाही आणि तो बिचारा ते न ऐकताच गेला. आता माझ्याकडे वेळ भरपूर आहे आणि ज्याच्यापुढे लाजावं असं माणूस कुणी उरलेलं नाही, म्हणून लिहून टाकते.

आमचं घर कर्वेनगरला, कालव्याच्या अलीकडे. आज तिथं उभं राहिलं तर आभाळ शोधावं लागतं, पण तेव्हा निम्मी शेतं होती आणि निम्म्या शेतांत प्लॉट विक्रीच्या पाट्या. आबा पाटबंधारे खात्यात पाटकरी होते. खडकवासल्याहून सुटलेलं पाणी कुठल्या दारातून किती वेळ सोडायचं हे त्यांचं काम. पाणी वाहतं असलं की घरात दिवसभर बारीक घरघर ऐकू यायची आणि आवर्तन संपलं की एकदम इतकं शांत व्हायचं की आम्ही सगळे मोठ्यानं बोलायला लागायचो. दोन थोरल्या बहिणी लग्न होऊन गेल्या होत्या. घरात आई, आबा आणि मी. आईचा दिवस मिश्रीनं सुरू व्हायचा. आठवड्यातून एकदा ती तव्यावर तंबाखूची पानं काळी होईपर्यंत भाजायची, तेव्हा घरभर असा ठसका उठायचा की कोंबड्यासुद्धा अंगणाबाहेर जायच्या. मग ती पानं चुरायची, वस्त्रगाळ करायची आणि डबीत भरायची. सकाळी उंबऱ्यावर उकिडवी बसून बोटानं दातांवर मिश्री फिरवताना, मग एक चिमूट गालात दाबून धरताना ती कुणाशी बोलायची नाही, कुणी बोललेलं तिला चालायचं नाही. ती तेवढी दहा-पंधरा मिनिटं तिची स्वतःची. नंतर तोंड धुवून ती चुलीपुढे बसली की भाकऱ्या थापल्याचा आवाज सुरू व्हायचा तो आबांची पिशवी भरेपर्यंत. आमच्या आळीतल्या सगळ्याच बायका मिश्री लावायच्या. त्यांचे दात मुळाशी काळे असायचे आणि हसताना सगळ्यांचा पदर तोंडावर जायचा. लहानपणी मला वाटायचं, मोठ्या बायकांनी हसताना तोंड झाकायचंच असतं.

बारावी झाल्यावर मी दोन अर्ज भरले आणि नशिबानं, की दुर्दैवानं, दोन्हीकडून पत्रं आली. एक नर्सिंगचं, तीन वर्षं, हॉस्टेलात राहून. दुसरं दातांच्या कॉलेजातलं, दोन वर्षं, रोज घरून जाऊन-येऊन. आठवड्याच्या आत कुठंतरी जाऊन नाव घालायचं होतं. आईनं दोन्ही पत्रं हातात घेतली, वाचता येत नसूनही उलटीपालटी करून बघितली आणि विचारलं, "यातलं शिश्टरचं कंचं?" मी दाखवलं. तिनं ते देवापुढे ठेवलं आणि दुसरं मला परत दिलं. तिच्या लेखी विषय संपला होता. माझ्या पाठचा एक मुलगा तिचा दवाखान्यात जन्मतःच गेला होता. त्या वेळी एक सिस्टर पाळी संपल्यावरही घरी न जाता तिचा हात धरून बसून राहिली होती. तिचं नाव आईला माहीत नव्हतं. "काय बोलली न्हाई गं ती," आई सांगायची, "नुसती बसली. पर ती बसली म्हनून मी उटले." आपल्या पोरीनं तसं कुणाजवळ तरी बसावं, एवढंच तिला हवं होतं.

वारज्याहून तात्या आले. आबांचे हे थोरले भाऊ, आणि आमच्या घरातलं कुठलंही पान त्यांच्याशिवाय हलायचं नाही. पिठलं-भाकरी खाता खाता त्यांनी निकाल दिला. "नर्सच्या पोरीला कोन पत्करतंय? रात्री-बेरात्री ड्यूटी, परक्या बाप्यांची अंगं पुसायची. दाताचं बरं हाय. दिवसाचं जायाचं, दिवसाचं यायाचं." आई ताटात भाकरी वाढताना म्हणाली, "आजारी मानसाला बाप्या आन बाई काय असतंय भावजी?" तात्यांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. पुढे पुष्कळ वर्षं मी सगळ्यांना सांगत असे की तात्यांमुळे मला दातांकडे जावं लागलं. तात्या बोलून गेले खरे, पण त्या आठवड्यात आबांनी मला कालव्याच्या कडेला गाठून विचारलं होतं, "सुमे, तुला काय पायजे? तू सांगशील तसं करू. दादाला मी बघून घेतो." असा बाप तेव्हा आमच्या आळीत दुसरा नव्हता. मी म्हटलं, "दातांचं."

का म्हटलं? मी दोन्ही जागा बघून आले होते. रुग्णालयाच्या वॉर्डात फिनाईलचा आणि लघवीचा वास होता आणि माझ्याच वयाची एक मुलगी झाकलेलं बेडपॅन घेऊन लगबगीनं चालली होती. दातांच्या कॉलेजात गुळगुळीत फरशी होती, पांढऱ्या खुर्च्या होत्या, आणि तिथल्या मुली एकमेकींशी इंग्रजीत बोलत होत्या. त्या मुली हसताना तोंडावर हात नेत नव्हत्या. मला तसं व्हायचं होतं. मला उंबऱ्यावरच्या त्या डबीपासून, त्या ठसक्यापासून, काळ्या हिरड्यांपासून लांब जायचं होतं. आईपासून लांब जायचं होतं असं मी तेव्हा म्हटलं नसतं, पण अर्थ तोच होता. आईनं देवापुढचं पत्र उचललं, घडी घातली आणि पेटीत ठेवून दिलं. "असू दे," ती म्हणाली, "दात बी मानसालाच असत्यात."

कॉलेजात मी हुशार ठरले. आम्हाला शिकवायला आगाशे मॅडम होत्या. बुटक्या, चष्मा नाकाच्या टोकावर, आवाज कधी न चढवणाऱ्या. त्यांना आवाज चढवायची गरजच पडत नसे. एकदा एका मुलीनं पेशंटचं तोंड न बघताच दातांवरचं किटण काढायला घेतलं तेव्हा त्या म्हणाल्या, "आपण रंगारी आहात का? भिंत दिसली की खरवडायची?" दात साफ करण्याआधी सगळं तोंड बघायचं, हा त्यांचा नियम. ओठ उलटून, जीभ उचलून, गाल आतून ताणून. पांढरा चट्टा, लाल चट्टा, भरत नसलेली जखम. आणि प्रत्येकाला एक प्रश्न विचारायचाच: तिखट खाल्लं की झोंबतं का? दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीपर्यंत हा प्रश्न मी किती जणांना विचारला असेल, देव जाणे. झोपेतसुद्धा विचारला असता.

त्याच दिवाळीत आईनं चकल्या केल्या आणि स्वतः एकही खाल्ली नाही. म्हणजे खाल्ली, पण चहात बुडवून, मऊ करून. आमटीत ती पाणी घालून घ्यायची. माझ्यासाठी आणि आबांसाठी ठेचा वाटायची आणि स्वतः दहीभात घेऊन बसायची. मी हे बघत होते. एकदा तर मी तिला म्हटलं, "आता वय झालं तुझं, तिखट कमी केलंस ते बरं केलंस." ती म्हणाली, "व्हय, नगं वाटतंय आताशा." मी पुढचा घास घेतला. आज मी हे लिहिते आहे तरी मला त्या सुमनच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

सुट्टी संपल्या संपल्या आमची प्रात्यक्षिक परीक्षा होती. आमच्याकडे पद्धत अशी होती, आणि मला वाटतं अजूनही आहे, की परीक्षेचा पेशंट ज्याचा त्यानं आणायचा. ज्याच्या दातांवर किटण जास्त तो पेशंट चांगला, कारण हाताचं कौशल्य दिसतं. मुली महिनाभर आधीपासून नातेवाइकांची तोंडं हेरून ठेवायच्या. मॅडम म्हणाल्या, "घरचंच कुणीतरी आणा. निदान ती माणसं परीक्षा चालू असताना खुर्चीवरून उठून जाणार नाहीत." मी हे रात्री जेवताना आबांना गंमत म्हणून सांगत होते. चुलीपुढून आई म्हणाली, "मंग मी येते की. माझ्यापरीस घान दात कुनाचं असनार?" आणि पदर न लावता हसली. आबाही हसले. मी "बघू" म्हटलं. आमच्या घरात "बघू" म्हणजे होकार असायचा.

तिनं तयारी सुरू केली. आधी मिश्री सोडली. जन्माची सवय, एकदम सोडली. चार दिवस तिचं डोकं दुखत होतं, पोट साफ होत नव्हतं, हात थरथरायचे, साध्या साध्या गोष्टीवर ती आबांवर खेकसायची आणि नंतर ओशाळायची. सकाळी उंबऱ्यावर बसून राखुंडी आणि मीठ घेऊन ती दात घासायची, हिरड्यांतून रक्त येईपर्यंत. पेटीतून थोरलीच्या लग्नातलं हिरवं लुगडं काढून तिनं उन्हात टाकलं. मला विचारायची, "किती येळ तोंड उगडं ठेवायाचं असतंय? मधी थुकता येतंय का?" एकदा मी अंगणातून आत आले तर ती आरशापुढे तोंड उघडून उभी होती आणि ओठांतल्या ओठांत आकडे मोजत होती. मला बघून तिनं पटकन पदर ओढला. आणि या सगळ्या दिवसांत माझ्या डोळ्यांपुढे एकच चित्र होतं. हिरव्या लुगड्यातली माझी आई त्या पांढऱ्या खुर्चीत, तिचं तोंड उघडलेलं, आणि इंग्रजी बोलणाऱ्या माझ्या मैत्रिणी वाकून आत बघताहेत.

कालव्यापलीकडच्या सोसायटीत लिमये काकू राहायच्या. मी शाळेत असताना त्यांच्याकडे इंग्रजी शिकायला जायचे. आईची नि त्यांची ओळख नव्हती. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले आणि पेशंट म्हणून येता का विचारलं. काकूंनी चष्म्यावरून बघितलं. "घरी कुणाला दात नाहीत का?" मी म्हटलं, "आई गावाला गेलीये." पहिलं खोटं ते. दुसरं सकाळी.

सकाळी आई तयार होती. हिरवं लुगडं, केसांना तेल, पायात चपलासुद्धा घातलेल्या. हातात रुमालात बांधलेला डबा, दोघींचा. मी म्हटलं, "आई, मॅडमनी निरोप धाडलाय. आज घरचे पेशंट नकोत म्हणे, कॉलेजच देणार आहे." तिनं माझ्याकडे बघितलं. मी चपलेचा अंगठा नीट करायच्या निमित्तानं खाली वाकले. "आजच नगं का कदीच नगं?" तिनं विचारलं. "कधीच नको." "बरं," ती म्हणाली. मग डबा सोडून तिनं तिच्या भाकऱ्या बाहेर काढल्या आणि उरलेला डबा पुन्हा बांधून माझ्या हातात दिला. मी कोपऱ्यावरून वळून बघितलं तर ती अजून दारात होती. संध्याकाळी परत आले तेव्हा घरात तंबाखू भाजल्याचा वास होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या वासानं मला हायसं वाटलं.

परीक्षेचं म्हणाल तर काकूंच्या दातांवर किटण जवळजवळ नव्हतंच. आगाशे मॅडम आरसा आत घालून म्हणाल्या, "यांना दात साफ करायला आणलंत की मला दाखवायला?" द्वितीय श्रेणी मिळाली ती त्यामुळेच.

होळी होऊन गेली होती. पोळी खाताना आईच्या तोंडातून घास बाहेर पडला. तिला तोंड दोन बोटांपलीकडे उघडता येत नव्हतं. आबांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "सुमे, तू शिकतीस ना यातलं? बग की जरा." मी तिला अंगणात उजेडाला बसवलं आणि गाल बाजूला केला. गालाच्या आत, ती मिश्रीची चिमूट जिथं दाबून धरायची तिथंच, भरत नसलेली जखम होती. पुस्तकात त्याचं चित्र होतं, मला पान आठवत होतं. आई वर आभाळाकडे बघत होती. तिनं विचारलं, "कळतंय का गं काय?" मी म्हटलं, "उद्या कॉलेजात जाऊ."

आई त्यानंतर अकरा महिने होती. ऑपरेशन झालं, कॅन्सरचे लाइट दिले, पुन्हा आलं. ते अकरा महिने मी तिचं सगळं केलं. नळीतून पेज घालणं, जखम धुणं, कूस बदलणं, आणि ज्याला नाक मुरडून मी दातांकडे गेले होते ते बेडपॅनसुद्धा. माझा हात हलका आहे असं वॉर्डातल्या सिस्टर म्हणायच्या. ती गेल्यानंतरच्या जूनमध्ये मी नर्सिंगचा अर्ज भरला. आईची सेवा करता करता आवड लागली, असं मी म्हणते ते एवढंच, आणि लोकांना ते पटतं. पण आवडीनं माणूस छत्तीस वर्षं रात्रपाळ्या मागून घेत नाही. मी त्या मागून घेत असे. बाकीच्या जणींना वाटायचं, मला घरी कंटाळा येतो. पाळी संपल्यावर मी कुणाच्या ना कुणाच्या उशाशी बसून असायचे आणि मुलं घरी वाट बघायची. ते सगळं आलं ते अंगणात आईचं तोंड बघितल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजात जे घडलं त्यातून.

आम्ही लवकर गेलो. आईनं साधंच लुगडं नेसलं होतं. मी तिला आगाशे मॅडमच्या खुर्चीत बसवलं आणि बाजूला उभी राहिले. आजूबाजूला माझ्या मैत्रिणी होत्या, आणि गंमत अशी की कुणी वाकून बघितलं नाही, कुणी नाक मुरडलं नाही. एकीनं तर आईच्या मानेखाली रुमाल नीट लावला. मॅडमनी बराच वेळ तोंड पाहिलं. बोटानं गळ्याच्या गाठी चाचपल्या. नेहमीचा त्यांचा एखादा बोचरा शब्द येईल म्हणून मी वाट बघत होते. मग त्यांनी हातमोजे काढले आणि खुर्ची ओढून आईच्या समोर बसल्या.

"कधीपासून आहे हे?"

"दिवाळीच्या आदीपास्नं हाय," आई म्हणाली. तिला बोलताना त्रास होत होता, शब्द गालात अडकत होते. "आदी बारीक फोड व्हता. तिकाट लागायचं."

"दिवाळीच्या आधीपासून!" मॅडमचा आवाज पहिल्यांदाच थोडा चढला. "मग इतके महिने अंगावर का काढलंत? मुलगी इथं शिकते तुमची. एकदा यायचं होतं."

"येनार व्हते की," आई म्हणाली. तिला वाटलं, मॅडम माझ्यावर रागावल्या आहेत. ती घाईघाईनं सांगायला लागली. "हिच्या परीक्षेलाच येनार व्हते. तवाच म्हनलं, खुर्चीत बसल्यावर बाईंस्नी इचारावं, हा फोड कशाचा. घरी बोलले न्हाई, उगं पोरीच्या जिवाला घोर, आभ्यास व्हता तिचा. पर तुमीच निरोप धाडला न्हवं, घरचा पेशंट नगं म्हनून. मंग ऱ्हायलं ते ऱ्हायलंच."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. एक क्षणभरच. त्या दिवशी माझ्या खुर्चीत लिमये काकू होत्या आणि काकूंच्या तोंडात आरसा घालून मॅडम काय म्हणाल्या होत्या, ते त्यांनाही आठवत होतं. मी तोंड उघडलं होतं, मला वाटतं मी सांगणारही होते, पण तेवढ्यात मॅडमनी मान फिरवली आणि आईचा हात आपल्या हातात घेतला.

"हो," त्या म्हणाल्या. "चुकलं माझं. तेव्हाच बोलवायला हवं होतं तुम्हाला."

आई कसनुशी हसली. पदर तोंडावर न्यायचा तिनं प्रयत्न केला, पण हात मॅडमच्या हातात होता. "असू द्या बाई," ती त्यांची समजूत घालत म्हणाली. "तुमी तरी कुनाकुनाकडं बगनार."